उंबऱ्याबाहेरचा बाकला

पाउली गावात चर्चच्या मागे एक आखूड गल्ली आहे. समोरासमोर मोजकी घरं, प्रत्येक घरामागे परस, आणि परसांच्या मधे कंबरेएवढ्या दगडी भिंती. सार्डिनियाच्या या किनाऱ्यावर नोव्हेंबरात बाकला पेरायचा आणि एप्रिलात त्याच्या जाड, आतून पांढऱ्या लवेच्या हिरव्या शेंगा खायच्या, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण या गल्लीतल्या परसांत कांदा असे, पालेभाजी असे, आर्टिचोक असे; बाकला नसे. तीस-पस्तीस वर्षं नव्हता.

कारण होतं रिमेदियाचा मुलगा प्रियामो.

प्रियामो पाच वर्षांचा असताना ईस्टरला कुणाच्या तरी शेतातून ओंजळभर कोवळ्या शेंगा तोडून खाऊन आला होता. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी काळपट लाल झाली, जुन्या दारूसारखी. तिसऱ्या दिवशी पोर मेणासारखं पिवळं पडलं आणि ओठ पांढरे झाले. शेजारच्या घरातल्या आंतिओकोने मासळीच्या ट्रकमधून दोघांना शहरातल्या इस्पितळात नेलं आणि डॉक्टरांनी रक्त लागेल म्हटल्यावर बाही वर केली. पोर वाचलं.

मायलेक परत आले तेव्हा आंतिओकोची बायको ग्रेका हिने आपल्या परसातला फुलावर आलेला बाकला मुळासकट उपटून गाढवापुढे टाकला होता. फुलांच्या वासानेही असल्या पोरांना त्रास होतो, असं गावात सगळेच मानत. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या नोव्हेंबरात तिने बाकल्याच्या जागी कांदे लावले. शेजारच्यांनीही कांदे लावले. कुणी बैठक घेतली नाही, कुणी शब्द मागितला नाही.

तसं बाकल्याचं दुखणं गावाला नवं नव्हतं. पूर्वी डासांनी ग्रासलेल्या या सखल, तळ्याकाठच्या गावांत घराण्यागणिक असं एखादं पोर निघतंच. डोंगरातल्या लोकांना त्याचं नावही ठाऊक नसतं. मुलगा असेल तर त्याला जपायचं, मुलींची चिंता नाही, असं सगळे धरून चालत. दुसऱ्या गल्ल्यांतली पोरं फुलांच्या महिन्यात डोंगरातल्या मामाकडे पाठवली जात. प्रियामोला मामा नव्हता. बापही नव्हता, पोर रांगत होतं तेव्हाच होडी उलटून तो तळ्यात बुडाला होता. रिमेदिया सकाळपासून बोयी माशाची गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, खारवायच्या शेडमध्ये कामाला जाई आणि पोर दिवसभर गल्लीत, भिंतींवरून या परसातून त्या परसात. मग गल्लीनेच काय ते केलं.

आंतिओकोला ते जड गेलं. हा माणूस एक वेळ रविवारची प्रार्थना सोडील, पण बाकला सोडणार नाही. दर वसंतात तो शेजारच्या गावी बहिणीकडे जायचा, पोटभर शेंगा खायचा आणि परत येताना चर्चसमोरच्या नळावर खळखळून चूळ भरूनच गल्लीत शिरायचा.

"बायकोपासून दारू नाही लपवत हा मेला," ग्रेका म्हणायची, "पण एवढ्याशा पोरापासून शेंगा लपवतो."

रिमेदिया हे सगळं बघत आली होती आणि तिने कधी कुणाचे आभार मानले नव्हते. आभार कसे मानायचे हेच तिला कळलं नव्हतं. पाउलीत शेजारणीने ताट भरून काही पाठवलं, तर ते ताट रिकामं परत जात नाही. आज तिचा ब्रेड आला, उद्या आपल्याकडची अंजिरं गेली. पण शेजारणीने काही दिलंच नाही, उलट आपल्या परसात काही पेरलं नाही, तर परत काय पाठवायचं? ताटच आलेलं नव्हतं. वर्षं गेली, आणि न मानलेले आभार तिच्या मनात तसेच राहिले, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या आणि कधीच न काढलेल्या चादरीसारखे.

मग प्रियामोचं लग्न झालं. चाळिशीला आला होता, शाळेत रसायनशास्त्र शिकवत होता, आणि सगळ्यांनी आशा सोडली होती तेव्हा कालियारी शहरातल्या एका मुलीने त्याला हो म्हटलं. ऑक्टोबरात तो तिकडे राहायला गेला.

नोव्हेंबरात एका सकाळी ग्रेका भिंतीपाशी उभी राहिली. हातात कुदळ, पण खणत नव्हती.

"रिमेदिया, यंदा... एक वाफा टाकू का?"

"कसला?"

"कसला म्हणून काय विचारतेस? कसला ते तुला माहीत आहे."

रिमेदियाला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळेही भरून आले. "जमीन तुझी, कुदळ तुझी. माझी परवानगी मागायला मी कोण, बिशप?"

"बिशपला कोण विचारतंय," ग्रेका म्हणाली आणि खणायला लागली.

एप्रिलात ती ताट घेऊन आली. वर फडकं होतं, पण पुदिन्याचा आणि वितळलेल्या चरबीचा वास फडक्याला जुमानत नव्हता.

"बाहेर ये गं."

"दार उघडंच आहे, तूच आत ये की."

"आत नाही यायची. आधी बघ हातात काय आहे."

रिमेदियाने फडकं उचललं. कोवळे दाणे, पातीचा कांदा, पुदिना, डुकराच्या चरबीचे लहान तुकडे. ताटाच्या कडेला ब्रेडची जाड कापं.

"अगं, पण..."

"पण काय? प्रियामो कालियारीत. इथला वास तिथवर जायला वाऱ्याला आगगाडीचं तिकीट काढावं लागेल. खा. लग्नाआधी माझ्या आईच्या परसातल्या शेंगा चोरून खायचीस, विसरले नाही मी."

"आणि तू पहारा द्यायचीस."

"वाईट द्यायचे. दोघींनी मार खाल्लाय."

रिमेदियाने ताट घेतलं, पण उंबऱ्याच्या आत नेलं नाही. इतक्या वर्षांची सवय अंगात मुरली होती. ती दाराबाहेरच्या दगडी ओट्यावर बसली, ग्रेका शेजारी बसली, आणि उन्हात बसून तिने ते सगळं खाल्लं. पहिल्या घासाला तिला आपली आई आठवली, मग माहेरच्या परसातली विहीर, मग नवरा. शेवटी तिने ब्रेडने ताट पुसून घेतलं.

"ताट धुऊन देते उद्या," ती म्हणाली. म्हणजे त्यात काहीतरी घालून देते. ग्रेकाला ते कळलं. ताट धुऊन रिमेदियाने बाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर पालथं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिला थकवा वाटला. आदल्या दिवशी पाण्याच्या बादल्या उचलल्या होत्या, त्याचा असेल. रात्री कंबर धरली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने लघवीच्या भांड्यात पाहिलं आणि काही वेळ तशीच उभी राहिली. तो रंग तिने पूर्वी एकदाच पाहिला होता. जुन्या दारूचा. मनात काहीतरी हललं, पण तिने ते हलू दिलं नाही. ते मुलांचं दुखणं. मी बाई, तेही सत्तरीची. लहानपणी तर शेंगांवरच वाढले.

दुपारी ग्रेका आली आणि दारातच थबकली. "अगं, तुझे डोळे! लिंबासारखे झालेत."

"आरसा नको मग, तू आहेस."

"चेष्टा पुरे. आंतिओको, गाडी काढ!"

इस्पितळातले डॉक्टर ओबिनू तरुण होते आणि तिथल्याच तळ्याकाठचे. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि त्या मुलखातला कुठलाही डॉक्टर आधी विचारील तेच विचारलं.

"मावशी, बाकला खाल्लात का?"

रिमेदियाच्या गालांना ऊन लागल्यासारखं झालं. शेजारी ग्रेका पिशवी छातीशी धरून उभी होती. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, कुणी दिला. आणि ही बातमी प्रियामोला कळणार: जे खाऊन तो मरता मरता वाचला, ते त्याची पाठ वळताच आईने ब्रेडने पुसून खाल्लं. दुखण्याशी त्याचा संबंध नाही, मग सांगायचं तरी कशाला?

"आमच्या घरात बाकला येत नाही, डॉक्टर. माझ्या मुलाला त्याचं दुखणं आहे."

"मुलाला. हिला नाही," ग्रेकाने जोड दिली. "ते बाप्यांचं दुखणं."

"बायकांतही कधी कधी दिसतं," डॉक्टर म्हणाले, आणि तरीही तपासणीसाठी रक्त पाठवलं. उत्तर आलं: त्या बाबतीत सगळं ठीक. मग त्यांनी तो विचार बाजूला ठेवला. बाकला न येणारं घर, ठीक आलेली तपासणी, म्हातारी बाई, कावीळ. पित्ताच्या वाटेत खडा असेल, किंवा खड्याहून वाईट काही. सोमवारी कालियारीला पाठवून पोट उघडून बघावं लागेल, असं ते दाराशी उभं राहून परिचारिकेला हळू आवाजात सांगत होते. 'गाठ' हा शब्द त्यांनी सगळ्यांत हळू उच्चारला, आणि तोच रिमेदियाला स्पष्ट ऐकू आला.

प्रियामो संध्याकाळी आला. आईच्या हाताला रक्ताची पिशवी लावलेली बघून तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ थेंब पडताना बघत राहिला.

"कुणाचं आहे?" रिमेदियाने विचारलं.

"नाव लिहीत नाहीत, आई. बेटावरच्या कुणाचं तरी. गल्लीतले सगळे खाली रक्त द्यायला आलेत. आंतिओकोकाकांना परत पाठवलं, वय झालं म्हणून. खाली भांडतायत: 'याच हातातून या प्रियामोला दिलं, तेव्हा गोड होतं, आता आंबलं का?'"

"आणि तू?"

"माझं कोण घेणार?" तो हसला. "माझ्यावर शिक्का आहे ना."

मग त्याचं हसू गेलं. "मला एक कळत नाही. खडा असेल तर पित्त अडेल, अंग पिवळं होईल, ठीक. पण तुझं रक्त निम्म्यावर का आलं? खड्याने रक्त का कमी होईल? आई, काही वेगळं खाल्लंस का? मशरूम, कसलं औषध?"

"ब्रेड. गाबोळी. नेहमीचंच."

तो पुन्हा थेंबांकडे बघायला लागला. त्याने बाकल्याचं विचारलं नाही. त्या गल्लीत, त्या घरात, त्या बाईला ते विचारायचं त्याच्या मनातच आलं नाही. रिमेदियाने डोळे मिटले. गाठ असेल तर असू दे, सत्तर वर्षं काही कमी नाहीत, असं तिने स्वतःला सांगितलं.  पण एकच गोष्ट पुन्हापुन्हा मनात वर येत होती: आपण ग्रेकाला काहीच म्हटलेलं नाही. सोमवारच्या आधी म्हणायला हवं.

रविवारी दुपारी ग्रेका आली. प्रियामो डॉक्टरांना शोधायला खाली गेला होता. ग्रेकाने खुर्ची ओढली, डोक्यावरचा रुमाल सैल केला आणि मांडीवर एक झाकणाचं भांडं ठेवलं.

"ग्रेका, मला काही बोलायचंय."

"बोल. पण मरायच्या गोष्टी असतील तर मी चालले."

"तीस वर्षं झाली. जास्तच. तू तुझ्या परसात..." रिमेदियाने चादरीची कड सरळ केली. "तू, आंतिओकोने, सगळ्यांनी. मी कधी बोलले नाही. वाटायचं, बोलले तर ते छोटं होईल."

"काय छोटं होईल? कांदे लावले आम्ही. कांदे काय वाईट असतात?"

"आंतिओको चूळ भरून यायचा."

"त्याच्या दातांना बरं पडलं ते," ग्रेका म्हणाली, आणि रुमालाच्या टोकाने घाईघाईने नाक पुसलं. "बास आता. हे बघ काय आणलंय. इथलं पांचट सूप खाऊन माणूस कसा बरा होणार? त्या दिवशी कसं ताट पुसून खाल्लंस! त्यानंतर तुझ्या तोंडाला चव नाही. म्हटलं, पुन्हा तेच करावं."

तिने झाकण उघडलं. पुदिन्याचा वास खोलीभर पसरला.

रिमेदियाला भूक नव्हती. पण आता जे बोलून झालं होतं, त्यानंतर या भांड्याला नाही म्हणणं तिला जमलं नसतं. तिने चमचा हातात घेतला. तेवढ्यात दार उघडलं आणि प्रियामो आत आला.

तो जागीच थांबला. वास त्याला कुणी ओळखून द्यायला नको होता. आयुष्यभर तो त्याच वासापासून पळत आला होता. त्याने भांड्याकडे पाहिलं, मग आईच्या हातातल्या चमच्याकडे.

"हे काय आहे?"

रिमेदियाने चमचा मांडीवर टेकवला.

"आई, हे तू खाल्लंस? आधी?"

ग्रेकाचं नाव निघू नये म्हणून रिमेदियाने तिच्याकडे पाहिलंच नाही. "थोडं. असंच कुठेतरी."

"कुठेतरी कशाला?" ग्रेका उसळली. "मी दिलं! माझ्या परसातलं, माझ्या हातचं. तिच्या दाराबाहेर बसून खाल्लं तिने, तू गेल्यावर. तुझ्या आईला आयुष्यात एकदा शेंगा खायचा हक्क नाही?"

"कधी, ग्रेकामावशी?"

"सोमवारी."

"आणि बुधवारी ती आजारी पडली." प्रियामोने पुढे येऊन आईच्या हातातून चमचा काढून घेतला, अगदी हळू, लहान मुलाच्या हातातून सुरी घ्यावी तसा.

"पण बायकांना होत नाही ते!" ग्रेका म्हणाली. "हिने लहानपणी पोतंभर खाल्ल्यात, मी साक्षीला आहे. आणि तपासणी ठीक आली की!"

"मावशी, बसा. मला ते आलं कुठून? बाबांकडून नाही. मुलाला ते आईकडूनच येतं. आईच्या रक्तात दोन तऱ्हेच्या पेशी आहेत. काही धडधाकट, काही माझ्यासारख्या, बाकला आला की फुटणाऱ्या. तरुणपणी धडधाकट जास्त असतील, म्हणून निभावलं. पण वय वाढतं तसं कधी कधी पारडं फिरतं. नाजूक पेशी वाढतात. आणि तपासणी ठीक आली कारण नाजूक होत्या त्या तोवर फुटून गेल्या होत्या. मागे उरलेल्या मजबुतांचंच रक्त त्यांनी तपासलं." त्याने डोक्यावरून हात फिरवला. "मला कळायला हवं होतं. रक्त निम्म्यावर आलेलं समोर दिसत होतं, आणि मी मशरूम विचारत बसलो."

ग्रेका बसली नाही. तिने झाकण भांड्यावर घट्ट बसवलं.  

"म्हणजे मी," ती म्हणाली. "एवढी वर्षं पोराला जपलं आणि आईला मी माझ्या हाताने... आणि आज पुन्हा घेऊन आले. चमचाही मीच दिला."

हेच होऊ नये म्हणून रिमेदिया इतके दिवस गप्प होती. आता तिने हात लांब केला आणि ग्रेकाचं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण तिने सोडलं नाही.

"प्रियामो, हे पारडं कधी फिरलं असेल?"

"कुणास ठाऊक, आई. पाच वर्षांपूर्वी, पंधरा वर्षांपूर्वी. हळूहळू."

"म्हणजे या सगळ्या एप्रिलांत, गल्लीत बाकला असता, तर मी खाल्ला असता. तुझ्यासमोर नाही, पण या दारात, त्या दारात, कुणी ताट पुढे केलं की. मला किती आवडतो ते हिला माहीत आहे."

"खाल्ला असतास."

"ऐकलंस, ग्रेका?" रिमेदिया म्हणाली. "तुम्ही एका पोरासाठी कुंपण घातलंत. आत आम्ही दोघं होतो."

ग्रेकाने ते ऐकलं आणि मग ती खुर्चीत बसली, आणि तिला जे रडू आलं ते असं मोठ्याने, की बाहेरून डॉक्टर ओबिनू धावत आत आले. त्यांना वाटलं, म्हातारी गेली.

म्हातारी बसलेली होती. सगळं ऐकल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"मावशी! मी पहिलाच प्रश्न तो विचारला होता."

"विचारलात खरा," रिमेदिया खाली मान घालून म्हणाली. "चुकलं माझं. मला लाज वाटली."

"लाज! उद्या तुमचं पोट उघडायला लावलं असतं मी."

सोमवारचं कालियारी रद्द झालं. नवं रक्त आणि भरपूर पाणी एवढंच औषध, बाकीचं शरीर स्वतःच निस्तरेल, असं डॉक्टर म्हणाले. भांडं मात्र तिथे नको होतं. ते खाली गाडीत बसलेल्या आंतिओकोकडे गेलं, आणि ग्रेका खाली उतरेपर्यंत रिकामं झालं. आंतिओकोने चूळ भरली होती, असं त्याने शपथेवर सांगितलं.

पिवळेपणा हळूहळू उतरला. रिमेदियाच्या दंडावर सुईच्या जागी एक मोठा डाग पडला होता. आधी जांभळा, मग कडेने हिरवट, मग पिवळा. घरी आल्यावर ओट्यावर बसून तो प्रियामोला दाखवत ती म्हणाली, "बघ, माझ्या हातावर बाग लावलीय."

"तुझ्या सबंध अंगात जे झालं ना, तेच इथे एवढ्याशा जागेत होतंय," तो म्हणाला. त्याने काडीने धुळीत एक वाटोळं कडं काढलं आणि मधोमध ठिपका दिला. "रक्ताच्या लाल पेशीत अशी कडी असतात. त्यांना पॉर्फिरिन म्हणतात. मधला ठिपका लोखंडाचा, त्याच्यावर आपला श्वास चालतो. पेशी साधारण चार महिने जगते. मग शरीर ती मोडतं आणि हे कडं एका जागी उघडतं." त्याने बोटाने कड्याचा थोडा भाग पुसला. "उघडलं की ते हिरवं होतं. मग पिवळं. मग आतड्यातून बाहेर. हे रोज, सगळ्यांच्यात चालू असतं, कुणाला पत्ता लागत नाही. तुझ्यात ते एकदम झालं, म्हणून अंगभर पिवळं दिसलं."

"आणि ठिपका?"

"लोखंड? ते शरीर टाकत नाही. काढून ठेवतं, नव्या पेशीत घालतं. तुझ्यात आता जे नवं रक्त तयार होतंय, त्यात जुन्याचं लोखंड आहे. आणि ज्यांनी पिशव्या दिल्या, त्यांचंही."

रिमेदिया धुळीतल्या त्या उघड्या कड्याकडे बघत राहिली. "मग तुझ्या लहानपणी आंतिओकोने दिलं, त्यातलं?"

"असेल काही. अजूनही फिरत असेल."

"त्याला सांगू नको," ती म्हणाली. "परत मागेल."

पण तिचं लक्ष खिडकीच्या कट्ट्यावर गेलं होतं. ग्रेकाचं ताट अजून तिथेच पालथं होतं.

"प्रियामो, वासाचं खरं काय? फुलांच्या?"

"वासाने काही होत नाही, आई. माझा तरी त्यावर विश्वास नाही. खायचं नाही, एवढंच. तुलाही नाही, मलाही नाही."

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?"

त्याने काडीने धुळीतलं कडं पुसून टाकलं. "कॉलेजात शिकलो तेव्हा सांगणार होतो. एप्रिलात घरी आलो, तर आंतिओकोकाका नळावर चूळ भरत होते. माझ्याच्याने सांगवलं नाही."

नोव्हेंबर आला. गल्लीत कुदळी निघाल्या. भिंतीपलीकडे ग्रेका गादीवाफे करत होती, आणि कोपऱ्यात कांद्याच्या रोपांच्या जुड्या बांधून ठेवलेल्या होत्या. रिमेदियाने ताट उचललं, वर फडकं घातलं आणि बाहेरून वळसा घालून तिच्या परसात गेली.

"हे तुझं ताट. उशीर झाला जरा."

"मला वाटलं फुटलं." ग्रेकाने फडकं उचललं. एका बाजूला गाबोळीचा मोठा पिवळाधमक तुकडा होता. बाकीचं ताट बाकल्याच्या बियांनी भरलेलं होतं. मोठ्या, तपकिरी, सुरकुतलेल्या.

ग्रेकाने ताट परत पुढे केलं. "हे नाही. मी आता पुन्हा हात लावणार नाही त्याला."

"लाव."

"वेडी झालीस का? तुझ्या भिंतीला लागून?"

"भिंतीला लागूनच. वासाने काही होत नाही, मुलगा म्हणतो. तुम्ही खा. माझ्या दारात आणू नका, एवढंच. इतकी वर्षं तुम्ही माझ्यासाठी पेरलं नाहीत. आता माझ्यासाठी पेरा. मला फुलं बघायचीत, ग्रेका. लहानपणी फक्त शेंगा बघितल्या, फुलं बघायला वेळच नव्हता."

पलीकडे आंतिओको कांद्याची जुडी हातात धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. तोंडातून शब्द काढायची त्याची हिंमत होत नव्हती.

"तू काय बघतोस?" ग्रेका त्याच्यावर खेकसली. "एकच वाफा. त्या टोकाला."

"दोन," रिमेदिया म्हणाली.

"दोन," आंतिओको लगेच म्हणाला.

मार्चमध्ये फुलं आली. पांढरी, आणि प्रत्येकाच्या पाकळीवर काळा डोळा. संध्याकाळी वारा तळ्याकडून फिरला की त्यांचा गोड, जरा जड वास भिंतीवरून रिमेदियाच्या दारात येई. ती ओट्यावर बसलेली असे.

"नाक झाक गं!" ग्रेका परसातून ओरडायची. अजूनही तिचा विश्वास नव्हता.

"झाकलंय!" रिमेदिया म्हणायची, आणि हात मांडीवर तसेच ठेवून खोल श्वास घ्यायची.